सोमवार, सराटे आणि सायकल

सकाळी 7
सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद. म्हणून लेण्यांच्या फाट्यावर, टी पॉइंटवर, काम करणाऱ्यांच्या सायकली आज माझ्या दुकानापुढे रांगेत. ही मंडळी रोज आमच्या गावातून घाट उतरून जातात आणि संध्याकाळी तोच घाट चढून येतात. पहिलं गिऱ्हाईक कुरकुरतं, "काका, ट्यूब गळतेय." पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवतो, एकही बुडबुडा नाही. दुपारी 30 अंशांत 50 पौंड हवा भरली, तर पहाटेच्या 10-11 अंशांत ती 46 च्या आसपास येते. गारठ्यानं हवा आकसते, ट्यूबचा काही दोष नाही. पंप मारतो, पैसे घेत नाही.

सकाळी 8
शाळेला निघालेली एक मुलगी वडिलांसोबत येते. वडिलांनी 26 चा टायर आणलाय, पण तो गिअरच्या सायकलीचा, 26 × 1.95. तिच्या सायकलीला लागतो 26 × 1⅜. दोन्हींवर 26 छापलंय, तरी एकाची रिम 559 मिलिमीटरची, दुसऱ्याची 590 ची. हातोडी मारूनही बसायचा नाही. "दादा, टायरच्या बाजूवरचा आकडा पूर्ण वाचून आणा," एवढंच सांगतो.

सकाळी 10
आता पंक्चरं. पावसाळ्यात रस्त्याकडेला पसरलेला सराटा थंडीत वाळतो, फळाचे पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. त्यात कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या गाडीतून जाताना वाटभर काटे सांडतात. शेताच्या वाटेवर पऱ्हाटीची खुटं असतात ती वेगळीच. ट्यूबला ठिगळ लावणं सोपं. टायरमध्ये अडकलेलं काट्याचं टोक शोधणं हे खरं काम, नाहीतर गिऱ्हाईक तासाभरात परत येतं. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतो. टोक असेल तिथे तंतू अडकतात. कापूस आमच्याकडे उदंड.

दुपारी 12
एका पोराला मोठ्या खाचांचा टायर हवाय. "थंडीत पकड पाहिजे ना, काका!" त्याला विचारतो, चिखल आहे का वाटेत? नाही. घाटात पक्का रस्ता, वर कोरडी हवा. खाचा मातीत रुततात, तेव्हा उपयोगी. पक्क्या रस्त्यावर त्या नुसत्या घरघरतात आणि चढावर दम काढतात. ओल्या रस्त्यावरही सायकलचा अरुंद टायर पाण्यावर तरंगत नाही, मोटारीचं गणित इथे चालत नाही. त्याच्या हाती मधे सलग जाड रबर असलेला टायर देतो. काटा आधी त्या रबरात थांबला पाहिजे.

दुपारी 2
जेवण झाल्यावर गप्पा. फिनलंडमधल्या ओउलू शहरात लोक बर्फावरून सायकलनं कामाला जातात, त्यांच्या काही टायरांना बाहेरून धातूचे बारीक खिळे असतात. पोरं हसतात. तिथे टायरनं रस्त्याला टोचायचं. आपल्याकडे रस्ता टायरला टोचतो.

दुपारी 4
ज्यांना नवा टायर परवडत नाही, त्यांच्यासाठी जुनी ट्यूब लांबीत चिरून टायर आणि ट्यूबच्या मधे घालतो. सायकल थोडी जड होते, पण सराटा बहुधा आत पोचत नाही. मात्र टायरचे धागे दिसत असतील, तर हा उपाय करत नाही. तो टायर काढायचाच.

संध्याकाळी 6
शेवटचा वाद रोजचाच. वजन मागे जास्त, म्हणून मागचा टायर आधी झिजतो आणि नवाही मागेच बसवा म्हणतात. मी पुढचा काढून मागे घालतो आणि नवा पुढे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. घाट उतरताना पुढचं घसरलं की माणूस तोंडावर पडतो.

संध्याकाळी 7
शटर ओढण्याआधी उद्या पहाटे निघणाऱ्यांना बजावतो. थंडीचा टायर नक्षी बघून घेऊ नका. माप पूर्ण वाचा, मधलं रबर जाड आहे का बघा आणि निघण्यापूर्वी दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघा.