घरातलं लष्करी पदक खरं आहे का? कडेवरचं नाव असं वाचा

जुन्नर-आंबेगावच्या कुकडी, मीना आणि घोड खोऱ्यांतून दोन्ही महायुद्धांत माणसं पलटणीत गेली. त्यांची पदकं आज कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत सापडतात, कुणाच्या देव्हाऱ्यात. घरात सांगतात, पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते. पदक त्यांचंच आहे का, हे ठरवायचं असेल तर पुढच्या क्रमाने जावं. त्यासाठी भिंग, टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा एवढं पुरेसं आहे.

पहिली गोष्ट, पदक घासू नका. चिंच, राख, ब्रासो, काहीही लावू नका. पदकाची खरी ओळख त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला असते तशा बाजूच्या जाडीवर, उमटवलेल्या अक्षरांत असते. वर्षानुवर्षं सणासुदीला घासून ही अक्षरं पुसट होतात. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकली की झालं.

दुसरी पायरी, पदक कोणत्या युद्धाचं आहे ते ठरवा. पहिल्या महायुद्धासाठी शिपायाला साधारण तीनपर्यंत पदकं मिळायची. एक कांस्याचा तारा, त्यावर १९१४ किंवा १९१४-१५ आणि त्या अक्षरांमागे एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी. दुसरं ३६ मिलिमीटर व्यासाचं चांदीचं ब्रिटिश युद्धपदक. त्याच्या एका बाजूला पाचव्या जॉर्जचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असतो. तिसरं पंख असलेल्या विजयदेवतेचं कांस्य पदक, त्याची फीत इंद्रधनुषी.

इथे पहिली फसगत होते. चांदीच्या पदकावर १९१४-१९१८ असतं आणि विजयपदकाच्या मागे १९१४-१९१९. दोन्ही बरोबर आहेत. वर्ष जुळत नाही म्हणून कुणी पदक खोटं ठरवू नये.

दुसरा घोळ चांदीचा. मजूर आणि इतर बिगर-लढाऊ मंडळींना हेच युद्धपदक कांस्यातही दिलं गेलं. म्हणून कांस्याचं दिसलं की लगेच नक्कल म्हणू नका. कडेवर कोणतं दल लिहिलंय ते आधी बघा.

तिसरी पायरी कडेची. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरा आणि पदक हळूहळू फिरवा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर मजकूर कडेभोवती असतो, ताऱ्यावर मात्र मागच्या सपाट भागात. क्रम साधारण असा: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. अक्षरं इंग्रजी, मोठ्या लिपीतली आणि ठशाने दाबलेली असतात, त्यामुळे सगळ्यांची खोली सारखी असते. हाताने कोरलेल्या अक्षराची रेघ कुठे रुंद, कुठे बारीक आणि कडेला खरबरीत दिसते. या तीन पदकांवर कोरीव नाव दिसलं तर थांबा.

सर्वांत मोठी लबाडी इथेच होते. मूळ नाव घासून काढायचं आणि तिथे दुसरं ठोकायचं. तसं केलं की कड सपाट होते, मधेच खोलगट दिसते, जुन्या अक्षरांची सावली तिरक्या उजेडात उमटते. व्हर्निअर कॅलिपरने, म्हणजे सोनार आणि लेथवाल्यांकडे असतो त्या मापाने, व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. एका बाजूला तो कमी भरला तर तिथला धातू कुणीतरी उतरवला आहे.

चौथी पायरी, नाव नीट वाचणं. पलटणीच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. शिंदे इंग्रजीत ‘सिंदे’ होतात, जाधव ‘जाधाओ’, पवार ‘पोवार’. कधी आडनाव गाळलेलं असतं, कधी वडिलांचं नाव जोडलेलं. आपल्या घरच्या स्पेलिंगशी जुळलं नाही म्हणून पदक परकं ठरत नाही. नंबर आणि पलटण ही जास्त भरवशाची खूण.

पाचवी पायरी पलटणीची. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या होत्या. १०३, ११० आणि ११७ या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी ही फौज शरण गेली. ‘बसऱ्या’ची घरची आठवण या पलटणींशी जुळू शकते. १११वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, त्यामुळे तिचं नाव १९१४ च्या ताऱ्याशी बसत नाही.

१९२२ च्या फेररचनेत या मराठा पलटणींची पाचवी मराठा रेजिमेंट झाली. १०३ची पहिली बटालियन झाली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी. पहिल्या महायुद्धानंतरच्या सरहद्द मोहिमांची पदकं तपासताना हे ध्यानात ठेवा. १९३० च्या दशकातल्या पदकावर ‘१०३ मराठा’ लिहिलेलं असेल तर काळ जुळत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांचा प्रश्न वेगळा आहे. इटली स्टार, बर्मा स्टार, आफ्रिका स्टार अशी पिवळसर धातूची सहा टोकांची चांदणी आपल्याकडे बहुधा कोरी, म्हणजे नावाविना सापडते. मराठा पलटणी इटलीत लढल्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथेच मिळाला. त्यामुळे इटली स्टार असणं साहजिक आहे. पण पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणारा कोरा तारा आणि आपल्या आजोबांचा कोरा तारा यांत फरक पाडणारी खूण त्या धातूवर नसते. तिथे डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद हाच पुरावा.

कोऱ्या पदकांच्या जुडीतही एक तपासणी करता येते. इंडिया सर्व्हिस मेडल भारतात किमान तीन वर्षं सेवा केलेल्यांना मिळे. डिफेन्स मेडलला पात्र असलेल्यांना ते मिळत नसे. ही दोन्ही एकाच फितीच्या पट्टीवर दिसली तर ती जुडी नंतर कुणीतरी जमवलेली असावी. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य पदकाच्या कडेवर मात्र नाव असतं, तेही वाचा.

सहावी पायरी नोंदी शोधण्याची. युद्धात मृत्यू आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर मोफत पाहता येते. त्यात अनेक भारतीय शिपायांच्या वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. जिल्हा ‘पूना’ असा शोधा. आंबेगाव त्या काळी खेड तालुक्याचा पेटा होता, म्हणून घोडेगाव-मंचरकडची गावं ‘खेड’खालीही बघा. जिवंत परतलेल्यांसाठी पुण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावचं मराठा रेजिमेंटल सेंटर इथे नंबर देऊन विचारणा करता येते.

ट्रंकेत पदकाबरोबर रिव्हॉल्व्हर निघालं तर? त्यावर बाणाची खूण असेल तर ती लष्करी मालकीची; अमेरिकेहून युद्धात आलेल्या शस्त्रांवर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ असंही लिहिलेलं असतं. अशा खुणा वाचायला मजा वाटेल, पण परवान्याविना ते शस्त्र ठेवणं गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्यावरचा नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं हाही गुन्हाच. हात लावण्याआधी पोलीस ठाण्याला कळवा.

शेवटचं काम आजच करा. पदकाच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. कडेवरचा मजकूर चुका न सुधारता, जसाच्या तसा एका कागदावर उतरवा, घरच्या वडीलधाऱ्यांकडून माहीत असलेलं त्याखाली लिहा आणि कागद पदकासोबतच ठेवा. जुडीतली पदकं भावंडांत वाटून घेऊ नका. नाव, नंबर, पलटण आणि युद्ध या चारही गोष्टी जुळल्या तरच पदक आपल्या घरचं समजावं. एक जरी विसंगत असेल तर कागद सापडेपर्यंत निर्णय राखून ठेवावा.