इंजिनावरील हायड्रोजन-घट व त्याचा स्पंद-नियंत्रक

डिझेल इंजिनावर पाणी उपसणाऱ्या कास्तकारांपुढें अलीकडे एक नवें प्रलोभन उभें आहे. पाण्याचें विघटन करून निघणारा वायु इंजिनाच्या हवेच्या नळींत सोडावा, म्हणजे डिझेलची मोठी बचत होते, असें सांगणारे विक्रेते भेटतात. घटाबरोबर 'पीडब्ल्यूएम' म्हणजे स्पंद-नियंत्रक नांवाची एक पेटी लागते व खरी किमया तींतच आहे, असेंहि ते सांगतात. ही पेटी घरीं बांधतां येते. परंतु ती काय करते आणि काय करीत नाहीं, हें समजल्यावांचून तीवर पैसा घालूं नये, म्हणून हा लेख.

पाण्यांतून वीज सोडून त्याचे दोन वायु वेगळे करण्याची युक्ति निकल्सन व कार्लाइल यांनीं १८०० सालीं दाखविली, आणि किती विजेस किती वायु निघतो याचा नियम फॅराडेनें १८३३-३४ च्या सुमारास बांधून दिला. घट म्हणजे स्टेनलेस पोलादाचे समोरासमोर बसविलेले पत्रे व त्यांमध्यें कॉस्टिक पोटॅशचें पातळ द्रावण. दोन पत्र्यांमधील एका घरास सुमारें २ व्होल्ट पुरतात. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर सात पत्र्यांचीं सहा घरें एकामागें एक जोडतात. एका घरांतून १ अँपिअर प्रवाह एक तास वाहिला, तर हायड्रोजन व प्राणवायु मिळून सुमारें ०.६३ लिटर वायु निघतो. त्याहून अधिक निघत नाहीं.

मग नियंत्रक कशासाठीं? घट चालूं लागला कीं द्रावण तापतें. तापलें कीं विजेला होणारा अडथळा घटतो, प्रवाह वाढतो, आणि द्रावण आणखी तापतें. सकाळीं १५ अँपिअर घेणारा घट दुपारीं त्याच्या दुप्पट घेऊं लागला तर नवल नाहीं. या वाढीस लगाम घालणें एवढेंच नियंत्रकाचें काम. तो वीज दर सेकंदास शेंकडों वेळां चालूं-बंद करतो, व चालूं राहण्याचा वेळ कमी करून सरासरी प्रवाह आटोक्यांत ठेवतो. पाटाचें दार निम्मा वेळ उघडें ठेवलें, तर वाफ्यांत निम्मेंच पाणी पडतें. परंतु दार कितीहि वेळां हालविलें, तरी विहिरींतलें पाणी वाढत नाहीं.

बांधणी अशी: ५५५ क्रमांकाची टायमर आयसी स्पंद उत्पन्न करते, दोन लहान डायोड व एक फिरती रोधक-कळ यांनीं चालूं-बंद वेळाचें प्रमाण बदलतां येतें. हे स्पंद मॉसफेट या विजेच्या झडपेस द्यावे. एकावर सर्व भार टाकण्यापेक्षां दोन मॉसफेट शेजारीं जोडावे, प्रत्येकाच्या दारास वेगळा रोधक द्यावा, आणि दोन्ही ॲल्युमिनियमच्या रुंद पत्र्यावर बसवावे. मात्र त्यांच्या पाठीचा स्पर्श पेटीस होऊं देऊं नये. घटाच्या दोन टोकांस उलट दिशेनें एक डायोड, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज, हे कधींहि गाळूं नयेत. तारा जाड व आंखूड असाव्या.

येथें एक चूक बहुधा होते. द्रावण फार तीव्र करून मग नियंत्रकानें प्रवाह अर्ध्यावर आणतात. सरासरी २० अँपिअर हवे असतां चालूं क्षणीं ४० वाहिले, तर वायु २० चाच मिळतो, पण तारा व द्रावण यांतील उष्णता दुप्पट होते. म्हणून द्रावण आधीं बेताचें करावें. नियंत्रक केवळ तापलेल्या घटासाठीं राखावा.

आतां हिशेब पाहूं. सहा घरें, २० अँपिअर, एक तास: ५० लिटर हायड्रोजन व २५ लिटर प्राणवायु. त्या हायड्रोजनची उष्णता सुमारें ०.१५ युनिट, म्हणजे १५ मिलिलिटर डिझेलइतकी. घटानें वीज घेतली ०.२७६ युनिट. जनित्रांतील व इंजिनांतील तूट धरतां ती वीज निर्माण करण्यास १७० ते २०० मिलिलिटर डिझेल जळतें. बारा पेरून एक घरीं आणण्याचा हा व्यवहार आहे. वायुमुळें डिझेल अधिक पूर्ण जळतें असें म्हणावें, तर सुस्थितींतील इंजिन आपलें बहुतेक सर्व इंधन मुळांतच जाळतें.

विशिष्ट स्पंदांनीं अल्प विजेंत पाणी फुटतें, असा दावा अमेरिकेंतील ओहायो राज्याचे स्टॅनली मेयर यांनीं केला होता. १९९६ सालीं तेथील न्यायालयांत तज्ज्ञांनीं त्यांचा घट तपासला, तेव्हां त्यांत नेहमींच्या विघटनाहून निराळें कांहीं आढळलें नाहीं. न्यायालयानें ही फसवणूक ठरवून दोघां भागीदारांचे २५,००० डॉलर परत करविले.

प्रयोग म्हणून घट करणाऱ्यांनीं जिवाची काळजी घ्यावी. हायड्रोजन हवेंत शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत कोणत्याहि प्रमाणांत पेटतो. प्राणवायूशीं मिसळलेला तर लहानशा ठिणगीनें स्फोट पावतो. तो कोणत्याहि भांड्यांत सांठवूं नये. घट व इंजिन यांमध्यें पाण्याची बाटली ठेवून वायु तींतून बुडबुड्यांनीं न्यावा, आणि इंजिन थांबतांच घटाची वीज तुटेल अशी व्यवस्था करावी. घट उघड्यावर ठेवावा, व नियंत्रक त्यापासून दूर. पोटॅश पाण्यांत घालावें, पोटॅशवर पाणी ओतूं नये. डोळ्यांस चष्मा असावा. पोटॅशऐवजीं मीठ वापरल्यास विषारी क्लोरिन निघतो.

ही पेटी बांधण्याची विद्या वायां जात नाहीं. बॅटरीवरील फवारणी-पंपाचा वेग कमीअधिक करणें किंवा गोठ्यांतील दिव्याचा उजेड मंद करणें याच मंडलानें साधतें, आणि तेथें तिचा खर्च भरून निघतो. डिझेल वांचवावयाचें असेल, तर पंपाची गळती, फूटव्हॉल्व व इंजिनाची गाळणी प्रथम तपासावी. किमयेच्या पेटीस द्यावयाचे पैसे त्या दुरुस्तीस लावावे.