विश्लेषण : पॅरिसमध्ये संग्रहालय महाग, कॅथेड्रल मोफत, लंडनमध्ये नेमके उलटे… असे का?

युरोप सहलीत पॅरिसचे लूव्र संग्रहालय पाहणाऱ्या भारतीयांना आता युरोपीय पर्यटकांपेक्षा दहा युरो जास्त मोजावे लागतात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावरील नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये मात्र सर्वांनाच विनामूल्य प्रवेश आहे. लंडनमध्ये हे चित्र उलटे दिसते. यामागे कायदा, इतिहास आणि पैशांचे गणित आहे.

लूव्रची दरवाढ काय आहे?

१४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील पर्यटकांसाठी लूव्रचे तिकीट २२ वरून ३२ युरो झाले. म्हणजे माणशी तीन हजारांहून अधिक रुपये. युरोपीय महासंघातील देशांसह आइसलँड, नॉर्वे आणि लिख्टेनश्टाइनचे नागरिक व तेथील रहिवासी यांना जुनाच दर आहे. त्यामुळे जर्मनीत नोकरी करणारा पुणेकर २२ युरोत आत जाईल, त्याला भेटायला आलेले आईवडील मात्र ३२ युरो देतील. १८ वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश मोफतच आहे. व्हर्साय राजवाडा आणि सांत शापेल येथेही असे दुहेरी दर आले आहेत.

दरवाढीची गरज का भासली?

लूव्रमधील प्रसिद्ध काचेचा पिरॅमिड १९८९ मध्ये खुला झाला, तेव्हा वर्षाला सुमारे ४० लाख प्रेक्षक गृहीत धरले होते. २०२४ मध्ये ८७ लाख लोक आले. इमारतीला गळती आहे, यंत्रणा जुन्या झाल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिवसाढवळ्या सुमारे ८.८ कोटी युरोंचे राजघराण्याचे दागिने चोरीला गेले आणि सुरक्षेतील उणिवा उघड झाल्या. त्याआधीच, जानेवारी २०२५ मध्ये, अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी नवे प्रवेशद्वार आणि ‘मोनालिसा’साठी स्वतंत्र दालन जाहीर केले होते. नव्या दरातून वर्षाला दीड ते दोन कोटी युरो मिळतील, अशी अपेक्षा आहे.

नोत्र दाम मोफत कसे?

फ्रान्समध्ये १९०५ साली धर्म आणि शासन यांची फारकत करणारा कायदा झाला. बहुतेक जुन्या कॅथेड्रलच्या इमारती सरकारी मालकीच्या, वापर मात्र कॅथलिक चर्चचा, अशी व्यवस्था आहे. प्रार्थनास्थळ पाहण्यासाठी शुल्क घेण्यास हा कायदा मनाई करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक मंत्री रशिदा दाती यांनी नोत्र दामच्या पर्यटकांकडून पाच युरो घेऊन देशभरातील जुनी चर्च वाचवावीत, असे सुचवले. चर्चने त्याला ठाम नकार दिला. २०१९ च्या आगीनंतरची दुरुस्ती सुमारे १५० देशांतून आलेल्या ८४ कोटी युरोंहून अधिक देणग्यांतून झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा खुले झाले. त्याच बेटावरील सांत शापेल हेही तेराव्या शतकातील चर्चच. पण फ्रेंच राज्यक्रांतीत त्याचे धार्मिक स्थान संपले. आज ते सरकारी स्मारक असल्याने तेथे तिकीट आहे.

लंडनमध्ये उलटे का?

ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह २००१ पासून मोफत पाहता येतात. त्यासाठी सरकार अनुदान देते. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी येथे केवळ विशेष प्रदर्शनांना तिकीट असते. सेंट पॉल्स कॅथेड्रल आणि वेस्टमिन्स्टर ॲबे यांना मात्र सरकारचे नियमित अनुदान नाही. देखभालीचा मोठा भार पर्यटकांच्या तिकिटांवर असतो. प्रार्थनेसाठी येणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत.

दुहेरी दरावर आक्षेप काय?

राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, राजाचा संग्रह जनतेसाठी खुला करून लूव्र सुरू झाले. कला सर्वांची, ही त्यामागची भूमिका. राष्ट्रीयत्व पाहून दर ठरवणे त्याविरुद्ध जाते, असे तेथील कर्मचारी संघटनांचे म्हणणे आहे. इजिप्तच्या माणसाने इजिप्तच्याच वस्तू पाहण्यासाठी फ्रेंच नागरिकापेक्षा जास्त पैसे का द्यावेत, हाही प्रश्न आहे. समर्थकांचा युक्तिवाद असा, की फ्रेंच करदाते संग्रहालयाचा खर्च आधीच उचलतात.

भारतात काय पद्धत?

भारतीयांना हा युक्तिवाद परिचित आहे. अजिंठा-वेरूळला भारतीयांना ४० रुपये, तर परदेशी पर्यटकांना ६०० रुपये तिकीट आहे. ताजमहालसाठी हेच दर ५० आणि ११०० रुपये आहेत. प्रमाण पाहता लूव्रचा फरक किरकोळ ठरतो. आजवर हा फरक दुसऱ्याच्या खिशातून जात होता, एवढेच.

सहल आखताना काय पाहावे?

लूव्र मंगळवारी बंद असते आणि वेळ आधी आरक्षित करणे हिताचे. नोत्र दामचे आरक्षणही विनामूल्य आहे, ते सक्तीचे नाही. त्यामुळे ‘प्रवेश तिकीट’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ते नेमके कशाचे, हे विचारावे. मनोरे आणि खजिना पाहण्यासाठी मात्र वेगळे शुल्क आहे. सहल कंपनीच्या दरपत्रकात ‘प्रवेश शुल्क समाविष्ट’ म्हणजे कोणत्या वास्तूचे आणि आतून की केवळ बाहेरून, याची खात्री पैसे भरण्याआधीच करावी.