वॉटसनचा लोखंडी सांगाडा

मुंबईच्या काळा घोडा भागात, सेशन्स कोर्टापासून हाकेच्या अंतरावर 'एस्प्लनेड मॅन्शन' नावाची पाच मजली इमारत आहे. कोर्टकचेरीत आयुष्य गेलेल्या माणसांना ती वकिलांच्या चेंबरांची इमारत म्हणून ठाऊक आहे, तर सिनेमाच्या अभ्यासकांना वॉटसन हॉटेल म्हणून. देशात आज उभ्या असलेल्या बिडाच्या इमारतींमध्ये ही सर्वांत जुनी मानली जाते. तिने दीडशे वर्षांत व्यापारी पाहिले, साहेब पाहिले, अशील पाहिले. येणाऱ्या प्रत्येक वापराला तिने जागा करून दिली. तिच्या सांगाड्याचा हा मोठा गुण, आणि तिच्या दुर्दशेचे मूळही त्यातच आहे.

कथा सुरू होते कापसापासून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या. कोटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाचे, म्हणजे एस्प्लनेडचे, भूखंड लिलावात निघाले. त्यातला एक घेतला जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने. आपल्या धंद्याला शोभेल अशी दुकान-कचेरी उभारावी, हा त्याचा पहिला विचार. हॉटेलची कल्पना नंतरची.

आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश यांनी. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या विशाल लोखंडी छतामागे आणि थेम्सवरच्या अल्बर्ट पुलामागे ज्यांची बुद्धी होती, तेच हे अभियंते. १८६७ साली काम सुरू झाले. खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार झाल्या, जहाजाने मुंबईला आल्या आणि इथे जागेवर जोडल्या गेल्या. त्या काळच्या मुंबईत मोठी इमारत म्हणजे जाडजूड दगडी भिंती, आणि सगळा भार त्या भिंतींवर. इथे भार लोखंडाने पेलला. मधल्या विटांच्या भिंती केवळ आडोशाला. पुढे जगभर गगनचुंबी इमारती ज्या तत्त्वावर उभ्या राहिल्या, त्याचा हा आरंभीचा नमुना. म्हणूनच बांधकामाच्या इतिहासात या इमारतीला मुंबईबाहेरही मान आहे.

१८७१ मध्ये वॉटसनचे 'एस्प्लनेड हॉटेल' सुरू झाले. सुमारे १३० खोल्या, प्रत्येक मजल्यावर रस्त्यावर झुकलेली लांब गॅलरी, मधोमध काचेच्या छताखाली नाचाचा दिवाणखाना. राहायला मुभा युरोपीयांनाच. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही कथा मुंबईत फार लोकप्रिय आहे. तिला भक्कम पुरावा नाही. पण इथल्या वागणुकीची एक साक्ष मार्क ट्वेन यांनी लिहून ठेवली आहे. जानेवारी १८९६ मध्ये ते या हॉटेलात उतरले होते. गॅलरीच्या काचेच्या दाराचे काही काम होते आणि एक देशी नोकर ते करत होता. सोबतच्या धिप्पाड जर्मन माणसाने काय चुकले हे सांगण्याआधीच त्याच्या थोबाडीत दिली. नोकराने निमूटपणे ती सोसली. ट्वेन यांना एकदम आपले मिसुरीतले बालपण आणि तिथले गुलाम आठवले. मुंबईतल्या कावळ्यांवरचा त्यांचा मजकूर सगळे आवडीने सांगतात. हा प्रसंगही तितकाच सांगितला गेला पाहिजे.

त्याच वर्षी ७ जुलैला इथे जे घडले, त्यामुळे ही इमारत आपल्या सर्वांच्या इतिहासात कायमची जाऊन बसली. पॅरिसमधल्या सिनेमाच्या पहिल्या जाहीर खेळाला जेमतेम सहा महिने झाले होते. ल्युमिए बंधूंचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर मुंबईत थांबले आणि त्यांनी वॉटसनमध्ये सहा छोट्या चित्रफिती दाखवल्या. तिकीट एक रुपया. पडद्यावर आगगाडी स्टेशनात शिरत होती, कारखान्यातून कामगार बाहेर पडत होते, भिंत कोसळत होती. आठवड्याभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, चार आण्यांचे तिकीट निघाले आणि सामान्य मुंबईकरांना ही हलती चित्रे पाहता आली. या नवलाने भारावलेल्यांत एक मराठी छायाचित्रकार होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजप्यांचे स्वागतही त्यांनीच चित्रित केले. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या बारा-चौदा वर्षे आधीची ही गोष्ट.

१९०३ मध्ये ताज सुरू झाले आणि वॉटसनचा दिमाख ओसरू लागला. पुढे हॉटेल बंद पडले, मालक बदलले. इमारत आधी 'महेंद्र मॅन्शन' झाली, मग 'एस्प्लनेड मॅन्शन'. इथे सांगाड्याचा गुण पुन्हा कामी आला. भार भिंतींवर नसल्याने हव्या तिथे लाकडी पडदी घालता येत होती. खोलीचे दोन गाळे झाले, गाळ्यात पोटमाळा आला. नाचाच्या दिवाणखान्यावरचे काचेचे छत गेले आणि त्या चौकात वाढीव बांधकामे, अडगळ नि कचरा साचला.

२००५ च्या सुमारास इथे ९७ व्यावसायिक गाळे आणि ५३ कुटुंबे होती. बहुतेक गाळे वकिलांचे. कोर्ट शेजारीच, त्यामुळे जागा अडचणीची असली तरी सोन्याच्या मोलाची. जिन्यालगत नावांच्या पाट्यांची दाटी, आत दोरीने बांधलेल्या ब्रीफांचे ढीग, एका टेबलाशी सीनियर, पाठीला पाठ लावून दोन ज्युनियर, बाकावर तारखेची वाट पाहणारे अशील. जामिनाचे अर्ज, भाडेकरूंचे दावे, वारसाहक्काची भांडणे इथे लिहिली गेली. साहेबांच्या हॉटेलापेक्षा ही वस्ती मला मोलाची वाटते. गावाकडून आलेल्या पक्षकाराला ज्या दारातून एकेकाळी आत सोडले नसते, त्याच दारातून तो आपला हक्क मागायला जाऊ लागला.

पण या सर्वांना पेलणाऱ्या लोखंडाकडे लक्ष कोणी द्यायचे? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचवणारा तो कायदा गरजेचाच होता. मात्र तो दशकानुदशके तसाच राहिला. मालकाला भाड्यातून रंगरंगोटीचाही खर्च निघेना, आणि पागडी मोजून आलेल्या भाडेकरूला इमारत आपली वाटेना. त्यात समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. बिडाचा तवा हातातून निसटला की वाकत नाही, सरळ तुटतो. सांध्यात पाणी मुरले, गंज फुगला, गॅलऱ्यांवर नको तो भार आला.

२००५ मध्ये गॅलरीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव घातले. २०१८ मध्ये पुन्हा पडझड झाली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, इमारत रिकामी केली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याकडे कौल दिला. वारसा जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी त्याला ठाम विरोध केला.

मी त्या तज्ज्ञांच्या बाजूचा आहे. जोडून उभारलेला सांगाडा एकेक भाग बदलून दुरुस्त करता येतो. हे काम महाग आहे, कष्टाचे आहे, पण अशक्य नाही. पाडून तिथे हुबेहूब इमारत बांधली तरी ऑर्डिश यांचे लोखंड परत येणार नाही. मात्र ज्यांनी तिथे हयात घालवली त्या भाडेकरूंचा हक्क कागदावर पक्का केल्याशिवाय कोणतेही जतन न्याय्य होणार नाही.

गिरगाव, लालबाग, भायखळ्यातल्या वाचकांना एवढेच सांगणे आहे. तुमची इमारत सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, असेल, तर तिच्या दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही आहे. मालक, भाडेकरू आणि मंडळ यांना एका टेबलाशी बसवा, संरचनात्मक तपासणीचा अहवाल लेखी मागा. आणि हे गॅलरी कोसळण्याआधी करा.