मोगलीची पुन्हा भेट : बालपणीची मालिका प्रौढ वयात पाहताना

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दूरदर्शनने आपल्या जुन्या मालिकांचे पुनःप्रक्षेपण सुरू केले. २८ मार्चपासून ‘रामायण’ आणि ८ एप्रिलपासून दुपारी एक वाजता ‘द जंगल बुक’ पुन्हा घरोघरी दिसू लागले. १९९३ साली रविवारी सकाळी दूरचित्रवाणी संचासमोर बसणारी मुले एव्हाना पस्तिशी-चाळिशीला पोहोचली होती. त्यांच्यापैकी अनेकांच्या शेजारी आता त्यांची स्वतःची मुले बसली होती.

या मालिकेने ज्या पिढीचे बालपण व्यापले, त्या पिढीचे एक रूप चेन्नईच्या पश्चिमेकडील आवडी येथे आढळते. येथील अवजड वाहन कारखान्यातून १९६५ साली ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. कारखाने, वायुदलाचा तळ आणि केंद्रीय राखीव पोलीस दल यांमुळे येथे देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे येत राहिली. महाराष्ट्राशीही या गावाचा धागा जुळलेला आहे. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाची सात कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा अंबरनाथ येथील एक निर्माणी ज्या कंपनीकडे गेली तिचे मुख्यालय आवडी येथेच आहे. अशा वसाहतीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या घरात मराठी, बाजारात तमिळ, शाळेत हिंदी व इंग्रजी असे. रविवारचा मोगली मात्र सर्वांचा सामायिक होता.

ही मालिका मुळात भारतीय नव्हती, हे तेव्हा फारच थोड्या मुलांना ठाऊक होते. जपानमधील निप्पॉन अॅनिमेशन या संस्थेने ती तयार केली आणि १९८९ ते १९९० या काळात तिचे ५२ भाग तेथे दाखवले गेले. हिंदी रूपासाठी गुलजार यांनी शीर्षकगीत लिहिले, विशाल भारद्वाज यांनी ते संगीतबद्ध केले आणि शेरखानला नाना पाटेकर यांनी आवाज दिला. मुरूड-जंजिऱ्याच्या या अभिनेत्याने २०१६ च्या हॉलिवूडपटाच्या हिंदी आवृत्तीतही त्याच वाघाला पुन्हा आवाज दिला.

कथेची पाळेमुळे तर आणखी जवळची आहेत. लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, जे. जे. कला शाळेच्या आवारात झाला. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातील जंगल सिवनीच्या डोंगरांतले आहे. तेथील पेंचचे अरण्य मध्य प्रदेशातून नागपूर जिल्ह्यात उतरते. किपलिंग यांनी मात्र हे पुस्तक अमेरिकेतील व्हरमाँट येथे राहून लिहिले.

मोठेपणी मालिका पाहताना अनेक गोष्टी नव्याने ध्यानात येतात. मोगलीचा चिमुकला मित्र किची हा लाल पांडा आहे. हा प्राणी पूर्व हिमालयातील असून सिवनीच्या जंगलात तो आढळत नाही. मोगलीच्या हातातील बूमरँगचे नाव ऑस्ट्रेलियाशी जोडलेले आहे.  भारतीय मुलांनी आपले म्हणून स्वीकारलेले ते जंगल अनेक देशांच्या कल्पनांतून उभे राहिले होते.

चित्रांची गती आता संथ वाटते, त्यालाही कारण आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी जपानी दूरचित्रवाणीने १९६३ च्या ‘अॅस्ट्रो बॉय’पासून एकच चित्र अनेक चौकटींपर्यंत स्थिर ठेवण्याची पद्धत रुळवली. लहानपणी ही उणीव जाणवत नाही, कारण मधल्या मोकळ्या जागा मुलाची कल्पनाशक्ती भरून काढते. शिवाय स्मृती ही जशीच्या तशी साठवलेली चित्रफीत नसते. आठवताना मन तिची नव्याने जुळणी करते. म्हणूनच कथानक पुसट होते, पण शेरखानचा आवाज आणि गीताची चाल कायम राहते. ब्रिटनमधील साउथहॅम्प्टन विद्यापीठात झालेल्या संशोधनानुसार अशा स्मरणरंजनामुळे माणसाला आपल्या माणसांशी जोडले गेल्याची भावना मिळते.

सर्वांत मोठा बदल होतो तो मोगलीकडे पाहण्याच्या दृष्टीत. मुलाला तो निर्भय वीर वाटतो. प्रौढाला त्याच्यात दोन जगांमध्ये उभा असलेला मुलगा दिसतो. किपलिंग यांच्या पुस्तकात बाळू त्याला प्रत्येक प्राण्याच्या बोलीतील परवलीचे शब्द शिकवतो, कारण त्यांवाचून परक्या मुलखात निभाव लागणार नाही. १८९५ च्या दुसऱ्या भागात मोगलीला अखेर जंगल सोडून माणसांकडे जावे लागते. बदलीचा आदेश येताच शाळा, भाषा आणि सवंगडी मागे सोडणाऱ्या मुलांनी हा निरोप स्वतः अनुभवलेला असतो. लहानपणी त्यांना तो पडद्यावर ओळखता आला नव्हता, इतकेच.

त्यामुळे जुनी मालिका पुन्हा पाहताना पूर्वीचाच आनंद मिळेल, अशी अपेक्षा धरणाऱ्याची काहीशी निराशा होणे स्वाभाविक आहे. पण ज्या मुलाने ती पहिल्यांदा पाहिली होती, त्याला काय उमगले नव्हते हे त्यातून कळते. आणि शेजारी बसलेल्या नव्या प्रेक्षकाला यांतले सारे आत्ताच समजावून सांगण्याची घाई करण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी अजून शेरखानच महत्त्वाचा आहे.