‘वेडा ठरला की सुटला’?

जालन्यात 365 खाटांच्या मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाल्यापासून मोंढ्यातल्या चहाटपरीवर एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘‘आता खुन्यांची सोय झाली. वेड्याचं सर्टिफिकेट आणायचं अन् सुटायचं.’’ तोंडी सांगून थकलो, म्हणून लिहितोय.

गैरसमज: वेडा ठरला की आरोपी घरी.

वस्तुस्थिती: मुंबईत 1968 साली पकडलेल्या मालिका खुनी रामन राघवला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करवली. आजार बरा होणारा नाही, असं त्यांनी सांगितलं. फाशीची जन्मठेप झाली. 1995 मध्ये तो कैदी म्हणूनच पुण्याच्या ससून रुग्णालयात मेला. सुटला कुठे?

25 जानेवारी 2012 ला पुण्यात स्वारगेटहून एसटी पळवून नऊ जणांना चिरडणाऱ्या संतोष मानेचा बचावही वेडाचाच. न्यायालयांनी तो मानला नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, एवढंच. सर्टिफिकेट आजार सांगतं. कायदा विचारतो की कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे आजारामुळे कळतच नव्हतं का? भारतीय न्याय संहितेचं कलम 22 हेच आहे आणि ते सिद्ध करायचं आरोपीने.

बरं, झालं सिद्ध. तरी न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी अडकवून ठेवतं, नाहीतर पक्की हमी घेऊन नातलगाच्या हवाली करतं. अडकलेल्याला सोडायचं तर त्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका नाही, असा दाखला लागतो. वर राज्य सरकारचा हुकूम. ठरावीक मुदतीची शिक्षा झालेला निदान दिवस मोजू शकतो. याला तारीखच नसते.

आता किरकोळ गैरसमज.

‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षं.’ नाही, सरकारने शिक्षा कमी केली नाही तर मरेपर्यंत. गोपाळ गोडसेच्या खटल्यात 1961 सालीच हे स्पष्ट झालं.

‘सुटण्याआधी प्रत्येक कैद्याचं डोकं तपासतात.’ तसा सरसकट नियम नाही. मुदत भरली की कैदी बाहेर. फाशीच्या खटल्यात मात्र शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचा मानसिक अहवाल मागवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलंय.

‘मनोरुग्ण म्हणजे अंगावर येणारा.’ बहुतेक जण कुणाच्या वाटेला जात नाहीत.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. जालन्याला मंजुरी मिळाली तेव्हा राज्यात सरकारी मनोरुग्णालयं होती ही चार. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हतं. त्या 365 खाटा आपल्या माणसाला घेऊन रात्रभर एसटीने येरवडा गाठणाऱ्या घरांसाठी आहेत. टपरीवर ते वाक्य पुन्हा निघालं, तर एवढं तरी सांगा.