देखण्या घोड्यांच्या गर्दीत काटक भीमथडी
घोडा म्हटला की कोरीटसह अवघ्या नंदुरबार जिल्ह्याला आठवते ती सारंगखेड्याची यात्रा. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या या यात्रेतील घोडेबाजारात बघ्यांची गर्दी असते ती उंचपुऱ्या, आत वळलेल्या कानांच्या मारवाडी व काठेवाडी घोड्यांभोवती. पांढराशुभ्र नुकराही भाव खातो. महाराष्ट्राचा स्वतःचा भीमथडी घोडा मात्र या थाटात उपेक्षितच म्हणावा लागेल.

भीमा-नीरेच्या खोऱ्यात पैदास झालेल्या या जातीत स्थानिक तट्टू आणि अरबी घोडा यांचे रक्त मिसळले, असे मानले जाते. चण लहान, पण हाडपेर मजबूत. जाडाभरडा चारा खाऊन डोंगरवाटा तुडवणे, हा तिचा खरा गुण. मराठ्यांच्या घोडदळाने लांबलांबच्या मजला मारल्या त्या अशाच जनावरांच्या बळावर. काटकपणा हवामान घडवते. रशियातील याकूत घोडा उणे 50 अंशांच्या थंडीत खुरांनी बर्फ उकरून गवत शोधतो. भीमथडीची परीक्षा पाहिली ती दख्खनच्या अवर्षणाने.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि घोडदळासोबत राजाश्रयही गेला. जात तगली ती मुख्यतः धनगरांमुळे. मेंढरांमागे भटकताना त्यांची भांडीकुंडी, अंथरुणे, कोकरे आजही याच घोड्यांच्या पाठीवर असतात. 2023 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. नोंदणीमुळे जातीची लक्षणे निश्चित झाली. शुद्ध वंशाचे वळूघोडे मात्र धनगरांच्या वाड्यांपर्यंत पोहोचावयास हवेत, कारण घोड्या तेथेच आहेत.